धंदा कुणाचा, ते निवडा

पैसे आले की डबा बोलायचा. ओट्याच्या कडेला ठेवलेला तो छोटा डबा गिऱ्हाइकांनी फोनवरून दिलेल्या रकमा दिवसभर पुकारत असायचा आणि दर वेळी पूनमची मान आपसूक तिकडं वळायची. हात पिठात, डोळे तव्यावर, कान डब्याकडं. डबा बोलायचा तिच्यासमोर, पण पैसे जायचे थोरल्या दिराच्या, सोमेशच्या खात्यात. मग पीठ संपत आलं की ती त्याच्या दारात जाऊन उभी राहायची.

"दादा, ज्वारी आणायची हाय."

"परवाच नेलीस की!"

एवढं बोलून तो पैसे द्यायचा. दिले नाहीत असं कधी झालं नाही. अवघड होतं ते तेच. भांडायला काही सापडतच नव्हतं.

पूनम मंद्रूपची. तिचे वडील धुळाप्पा मेंढरं घेऊन वर्षातले कितीतरी महिने रानोमाळ हिंडायचे. भाकरी टिकायला हवी म्हणून आईनं तिला ती कागदासारखी पातळ थापून कडक भाजायला शिकवलं होतं. लग्न होऊन ती सोलापुरात विजापूर रोडच्या आतल्या गल्लीत आली. नवरा सिद्धराम ट्रकवर, महिन्यातले चार दिवस घरी. रिकामं बसवेना म्हणून तिनं घरापुढच्या ओट्यावर चूल मांडली. आधी शेजारपाजारचे, मग क्लासला आलेली पोरं, मग गावी जाताना पिशवी भरून कडक भाकरी आणि शेंगाची चटणी नेणारे. सगळेच फोननं पैसे द्यायला लागले तेव्हा तिच्याकडं पॅनकार्डसुद्धा नव्हतं. सोमेश जमिनीच्या कागदपत्रांची एजंटकी करायचा. "माझं हाय की खातं," तो म्हणाला आणि दुपारपर्यंत भिंतीवर स्कॅन करायचं स्टिकर लागलं. पूनमनंच ते फडक्यानं दाबून नीट बसवलं होतं.

पैशांच्या त्या कंपनीची आरोही नावाची मुलगी मंगळवारी टॅब घेऊन आली तेव्हा सोमेश बाहेर गेला होता. सासू गोजाबाई उंबऱ्यात लसूण सोलत बसली होती.

"ताई, हे छोटं वैयक्तिक खातं आहे. तुमची विक्री त्यात बसेना झालीय. व्यवसायाचं खातं करून घ्या, नाहीतर शनिवारपासून यात पैसे येणं बंद होईल."

"मग करा की."

"त्यात प्रकार असतात." आरोहीनं टॅब तिच्याकडं वळवला. "एकट्याचा धंदा असेल तर एकल मालकी. करारनामा करून दोघं-तिघं मिळून करत असतील तर भागीदारी. खाली कंपनी आहे, ट्रस्ट आहे, ते तुमच्या कामाचं नाही. तर मग, धंदा कुणाचा?"

"आमचा," पूनम म्हणाली.

आरोहीनं यादी वर सरकवली, खाली सरकवली. "'आमचा' असा प्रकार नाही, ताई."

पूनमनं तव्यावरची भाकरी उलटली. इतक्या वर्षांत हे तिला कुणी विचारलंच नव्हतं. "माझ्या नावानं व्हतंय का?" तिनं हळूच विचारलं.

"होतं की! पॅन आता आहे ना? तुमच्या नावाचं बँक खातं लागेल आणि दुकानाचा परवाना. परवान्यासाठी जागेचा पुरावा, म्हणजे लाइट बिल."

लाइट बिल सोमेशच्या नावावर होतं. ओटाही त्याचाच.

"मग जागामालकाची संमती आणा. साधी सही हो, दोन ओळींची."

दोन ओळींची सही. पूनमला हसू आलं, ते तिनं पदरानं पुसलं.

रात्री जेवताना तिनं भागीदारीचा विषय काढला. सोमेश घास घेता घेता थांबला. "घरातल्या घरात करारनामा? उद्या जेवायला बसताना पावती फाडायची का?" आणि तोच मोठ्यानं हसला. सिद्धरामला तिनं फोन लावला तर तिकडून गाड्यांच्या आवाजात एवढंच ऐकू आलं, "दादा म्हणतोय तसं कर की. आपल्यालाच हाय ना सगळं?"

भांडी घासताना ती सासूला म्हणाली, "आत्या, मी आले तवा संगं शेळी आणली हुती. तवा तुमच्याकडं शेळ्या हुत्या, त्यांच्यातच ती चरायची. पण कानाची खूण येगळी हुती. तिचं करडू मला न इचारता कुणी इकलं का कधी?"

"न्हाय."

"मग ह्यो धंदा का तसा न्हाय?"

गोजाबाईनं विसळलेलं ताट पालथं घातलं. मग म्हणाली, "शेळीला पाय असत्यात, पोरी. रागावून म्हायेरी गेलीस तर हाकून नेशील. ओटा कसा नेशील?"

शुक्रवारी आरोही पुन्हा आली. या वेळी सोमेश इस्त्रीचा शर्ट घालून, भांग पाडून तयार. कागद सगळे त्याचेच. प्रकार निवडला: एकल मालकी. उरला फोटो. मालक धंद्याच्या जागी उभा असलेला, तिथंच काढलेला.

"पूनम, जरा बाजूला हो."

"भाकर तव्यावर हाय, दादा."

"उतरव की मग."

तिनं उतरवली आणि दुसरी टाकली. समोर गिऱ्हाईक उभं होतं. आरोहीनं फोटो काढला, टॅबनं नाकारला. "एकच चेहरा हवा म्हणतोय." सोमेश डावीकडं सरकला तर चूल दिसेना. उजवीकडं आला तर पूनम मध्ये आली. नेहमीच्या गिऱ्हाइकांतला अनिलकुमार म्हणाला, "सोमेशराव, तुमीच बसा की थापायला! लगेच निघंल फोटो." रांग हसली. सोमेशचे कान लाल झाले.

पहिल्यांदा तिनं मुद्दाम केलं नव्हतं. तिसऱ्यांदा मात्र ती उठू शकली असती. उठली नाही. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. आरोही घड्याळ बघून निघून गेली.

शनिवारी डबा गप्प. "स्कॅन होईना," म्हणून कितीतरी जण हात हलवत परत गेले. पण उरलेल्यांनी खिसे चाचपले, पाकिटं उघडली, आणि किती दिवसांनी पूनमच्या पिठाळ तळव्यावर नोटा पडायला लागल्या. तिनं त्या मांडीखाली दाबून ठेवल्या. दिवसभर त्या टोचत राहिल्या आणि तिला ते टोचणं बरं वाटलं.

संध्याकाळी सोमेश समोर येऊन उभा राहिला. त्यानं नुसता हात पुढं केला. तिनं नोटा दिल्या, सगळ्या. त्यानं एकेक नोट झटकून पीठ उडवलं.

"उद्या रविवार असला तरी ती पोरगी येतीय. लवकर बोलावलंय," तो म्हणाला. "तू चूल पेटवायच्या आधी."

रविवारी गल्लीत एकही दार उघडलेलं नव्हतं. सोमेश ब्रश तोंडात घेऊन बाहेर आला, तर ओटा धुरानं भरलेला, तव्यावर भाकरी आणि पुढ्यात परात.

"आत्ताच?" तो ब्रश काढून म्हणाला.

"व्हय, दादा," पूनम म्हणाली आणि पिठाचा पुढचा गोळा थापायला घेतला.