मडमेचं 'बाय हूम?'

बोहारणीला द्यायच्या जुन्या लुगड्यांचं कसं होतं, ठाऊक आहे ना? टाकवत नाहीत, नेसवत नाहीत, आणि गाठोडं मात्र फुगत जातं. आमच्या इंग्रजीच्या तासाचे किस्से तसेच साठलेत.

कर्जतच्या रेल्वे चाळीतल्या आम्ही तिघी. थोरल्या काशीकाकू, स्टेशनमास्तरांच्या. वरूताई, मालबाबूंची. आणि मी, तारमास्तरांची, कडेवर दीड वर्षाचा बंडू. शिकवायची इंजिनीयरसाहेबाची मडम, दर बुधवारी दुपारी, तिच्या बंगल्याच्या व्हरांड्यात. खालापुरात मुलींची शाळा निघायची होती आणि आठवड्यातले दोन दिवस तिथे शिकवायला मडम परीक्षा घेऊन आमच्यातली एकच नेणार होती. काकूंना हौस नव्हती. उरलो दोघी! वरूताईला मूलबाळ नाही, वेळच वेळ. तेव्हा तिच्याबद्दल मी जे जे सांगेन, त्यातलं थोडं वजा करून ऐका.

*

पहिल्याच दिवशी मडमेने विचारलं, "युवर हजबंड्स नेम?"

तिघी गप्प. नवऱ्याचं नाव घ्यायचं? तेही भर दुपारी, परक्या व्हरांड्यात? मडमेला वाटलं, आम्हाला ऐकू आलं नाही. तिने आवाज चढवला. काकू पुटपुटल्या, "ओरडते कशाला? बहिऱ्या नाही आम्ही!"

शेवटी काकूंनाच तिची दया आली. हात जोडून, महादेवाच्या पिंडीपासून निघून बेलाच्या पानाला वळसा घालून त्यांनी झकास उखाणा घेतला. मडम पेन्सिल सरसावून शेवटपर्यंत थांबली. मग हताश होऊन म्हणाली,

"सो लाँग अ नेम!"

*

त्यानंतर तिने आम्हाला कर्मणी प्रयोग शिकवायला घेतला. काय सोय केलीय हो साहेबाने! नवऱ्याने दिवा मालवला, असं म्हणायलाच नको. 'द लॅम्प वॉज पुट आउट.' दिवा मालवला गेला, संपलं! कोणी मालवला ते ज्याचं त्याला ठाऊक.

पण त्यातली क्रियापदं शेपटीवाली. 'पुट'ला 'आउट', 'लुक'ला 'आफ्टर'. वाक्य उलटं फिरवलं तरी शेपटी तुटता कामा नये, हा मडमेचा दंडक. वरूताईने त्याच दिवशी पाच वाक्यं घडाघडा म्हटली, पाचही शेपट्या जागच्या जागी. मी म्हटलं, "द बेबी इज लुक्ड."

मडम बोट नाचवत म्हणाली, "व्हेअर इज द टेल?"

टेल म्हणजे शेपटी एवढं काकूंना कळत होतं. त्यांनी दचकून आपला काष्टा चाचपला!

*

काकूंचं इंग्रजी जेमतेम, पण कोणती गोष्ट कुठे वापरावी हे त्यांना बरोबर कळतं. एकदा त्यांच्या हातून लोणच्याची बरणी लवंडली. आवाज ऐकून सासूबाई माजघरातून धावत आल्या. काकू शांतपणे म्हणाल्या, "द जार इज नॉक्ड ओव्हर."

"म्हणजे गं काय?"

"म्हणजे बरणी लवंडली गेली."

"ते दिसतंय मला. लवंडली कोणी?"

"सासूबाई, इंग्रजीत ते सांगायची पद्धत नाही!"

*

पोशीरहून दूध घालायला येणारी कोंडीबाय एकदा माझ्या दारात टेकली होती. मी चुलीपुढे वाक्यं घोकत होते. तिने अर्थ विचारला, मी सांगितला. साहेब लोकांत म्हणे करणाऱ्याचं नाव न घेताच बोलतात.

कोंडीबाय चरवी उचलत म्हणाली, "त्यात काय नवाल हाय बाय? आमच्यात बी म्हनत्यात, बाईला मारलं. कोनी मारलं त्ये कुटं म्हनत्यात?"

त्या दिवशी मी पुढचं वाक्य घोकलं नाही.

*

इकडून एकदा जेवताना बोलणं झालं, "मालबाबूंच्या घरच्यांचं इंग्रजी फार शुद्ध आहे म्हणे. साहेब स्टेशनात सांगत होता."

मी आमटीत मीठ घातलं. थोड्या वेळाने, काय म्हणायचं होतं ते मनातल्या मनात म्हणून झाल्यावर, पुन्हा घातलं.

पहिला भुरका घेऊन इकडून माझ्याकडे बघणं झालं. मग पाण्याचं तांब्याभांडं जवळ ओढून म्हणणं झालं, "मडमेला विचार, खारट आमटीला कुठली शेपटी लागते."

*

आता जरा माझ्या अब्रूचा किस्सा. परीक्षेला महिना राहिला तशी मी व्हरांड्याच्या कोपऱ्यात डोळे मिटून पाठांतर करू लागले. बंडू पायऱ्यांवर खेळत असायचा. एकदा पडल्याचा आवाज आला, रडणं ऐकू आलं, आणि मी मात्र त्या वेळी नेमकी 'द चाइल्ड इज पिक्ड अप' वर होते. मूल उचललं जातं. अगदी शेपटीसकट! पहिल्यांदाच बिनचूक आलं म्हणून आनंदाने डोळे उघडले.

मूल खरंच उचललं गेलं होतं. वरूताईच्या कडेवर होतं, तिच्या मंगळसूत्राचे मणी चोखत.

"ये रे," मी हात पसरले. बंडूने तिच्या खांद्यावर तोंड लपवलं.

"राहू दे गं," वरूताई म्हणाली. "तुझा अभ्यास होऊ दे."

तेव्हापासून ती रोज दुपारी त्याला न्यायला येऊ लागली. मी रोज देऊ लागले. परत आला की त्याच्या अंगाला तिच्या घरच्या चंदनाचा वास यायचा. मी त्याला लगेच आंघोळ घालायची.

*

हा किस्सा मी आजवर कोणालाच सांगितलेला नाही. वरूताईने माझ्याकडे मडमेची वाक्यं उतरवून मागितली. तिच्या मालबाबूंना ताप होता, तास बुडला होता. मी सुंदर अक्षरात वीस वाक्यं उतरवली. त्यातल्या तीन वाक्यांच्या शेपट्या गाळल्या.

पुढच्या बुधवारी वरूताईने तो कागद मडमेपुढे वाचला. तिसऱ्या वाक्याला मडम थांबली. सहाव्याला कागदच हातात घेतला. "हे कोणी उतरवलं?"

माझं अक्षर वरूताईला चांगलं ठाऊक. ती एकदा माझ्याकडे बघून म्हणाली, "मॅडम, इट वॉज कॉपीड डाउन."

"बाय हूम?"

"इन अ हरी," वरूताई म्हणाली.

त्यापेक्षा तिने माझं नाव घेतलं असतं तर बरं झालं असतं. निदान मला तिच्यावर रागावता तरी आलं असतं.

*

परीक्षेला पुण्याहून मोठी मडम आली. बंडूच्या अंगात सकाळपासून कसर होती. कढत हात, लाल डोळे. घरी ठेवून यावं तर जीव राहीना, म्हणून घेऊनच गेले. वरूताई आधी आत गेली. दाराबाहेर मला ऐकू येत होतं. एकही शेपटी सुटली नाही.

बाहेर आली, आणि मी काही म्हणायच्या आत तिने बंडूला घेतलं. "आण इकडे. जा. घाबरू नकोस गं."

मी आत गेले. आश्चर्य म्हणजे मलाही सगळं येत गेलं. मोठ्या मडमेने चष्मा काढला आणि अगदी सावकाश विचारलं, आठवड्यातले दोन दिवस तुम्ही खालापूरला. बैलांच्या दमणीने जायचं, दमणीने यायचं. मग तुमच्या मुलाचं काय?

मी म्हटलं, "ही इज वेल लुक्ड आफ्टर."

आमची मडम खुर्चीत सरसावून बसली. मोठी मडम हसली.

"बाय हूम?"

खिडकीबाहेर वरूताई बंडूला थोपटत येरझाऱ्या घालत होती. ओल्या पदराची घडी तिने त्याच्या कपाळावर धरली होती. तिचं नाव घ्यायला मला कोणाचीही आडकाठी नव्हती. काशीकाकूंचं घेता येतं, कोंडीबायचं घेता येतं, तसंच तिचं.

मी पदर खांद्यावर ओढून घेतला आणि मान खाली घातली.

मोठ्या मडमेने पुन्हा विचारलं. मी आणखी खाली घातली.

आमची मडम तिच्याकडे झुकून कौतुकाने कुजबुजली, "हर हजबंड. दे नेव्हर से द नेम."

"हाऊ स्वीट!" मोठी मडम म्हणाली, आणि टाक शाईत बुडवून तिने खालापूरच्या कागदावर माझं नाव लिहिलं.