शोभेचं कडं

घड्याळांच्या दुकानात माझ्या शेजारी बाप-लेक नवरदेवाला द्यायचं घड्याळ पाहत होते. कपड्यांच्या ब्रँडचं, पाणबुडे वापरतात तसलं दिसणारं. नवरदेवाने तेच मागितलं होतं. बापाने डायलभोवतीचं कडं फिरवून पाहिलं. ते दोन्हीकडे फिरलं.

"खऱ्याचं एकाच बाजूला फिरतं. पाण्याखाली वेळ मोजताना धक्का लागून ते फिरलं, तरी वेळ जास्त उरलाय असं वाटू नये म्हणून," दुकानदार म्हणाला. "हे शोभेचं."

"त्याला पोहताही येत नाही, बाबा," मुलगी हसली.

बाप हसला नाही. "लग्नाला अजूनही नाही म्हणता येईल, पोरी. मी बोलतो त्यांच्याशी."

शोभेच्या कड्याला मागे फिरणं सोपं असतं. माणसांनी तोवर पत्रिका वाटलेल्या असतात.

"पॅक करा," मुलगी म्हणाली. तिचं बोट अजून ते कडं मागे मागे फिरवत होतं.