चिनी मालिकेतली पांढरी वस्त्रे

लिहायला मी उशिरा, निवृत्तीनंतर लागले. चारचौघांत बोलण्याचा संकोच तर अजूनही गेलेला नाही. त्यामुळे स्वतःच्याच घरातल्या कौतुकाविषयी लिहिताना हात थोडा अडखळतो.

रायपूरच्या समता कॉलोनीतल्या आमच्या घरी माझी मुलगी गेल्या उन्हाळ्यात रोज संध्याकाळी एक चिनी ऐतिहासिक मालिका पाहत असे. मालिका मूळ एका कॉमिकवर बेतलेली होती. राजदरबारासाठी नकाशे काढणारा एक माणूस आणि त्याची लेक, यांची ती गोष्ट. संवाद चिनी, खाली इंग्रजी अक्षरे. माझी आई शेजारी बसून घोडे, दगडी पूल, रेशमी बाह्या बघत राही. तिची नजर अधू झाली आहे. आणि ती अक्षरे दिसली असती तरी इंग्रजी तिला येत नाही.

"काय म्हणून राहिली थे?" आई विचारी.

"कुछ नहीं आजी, लड़ाई होने वाली है," पडद्यावरची नजर न हलवता मुलगी सांगे.

रायपुरात वाढलेल्या आमच्या बहुतेक मुलांप्रमाणे तिला मराठी समजते, उत्तर मात्र हिंदीत येते. लग्न होऊन विदर्भातून इथे आलेल्या आईला बाजारापुरती हिंदी जमते. मनातले बोलायला तिला मराठीच लागते. त्या दोघींमधले बोलणे 'जेवली का?' आणि 'हाँ आजी' एवढ्यावर येऊन ठेपले होते. ते मला फार खुपत असे.

म्हणून मीच अर्थ सांगू लागले. मराठी घेऊन एम. ए. केलेली मी, दरबाराला शोभेल अशी भाषा वापरणे मला कर्तव्यच वाटले.

"महाराज, सीमेवरील सैन्याने माघार घेतली असून..."

"हे तं रेडिओच्या बातम्या झाल्या व माय," आई म्हणाली. "पोट्टीच्या मनात काय हाय, थे सांग ना."

मुलगी खुदकन हसली.

मग एका संध्याकाळी नकाशेवाल्याची मुलगी नखशिखांत पांढऱ्या वस्त्रांत महालाच्या पायऱ्या चढताना दिसली. आईने टाळीच वाजवली.

"घ्या! लागलं वाट्टे पोट्टीचं लग्न! कशी गोड दिसून राहिली!"

आम्ही बौद्ध. आमच्यात नवरी पांढरी साडी नेसूनच उभी राहते. आई तशी उभी राहिली होती, मीही. त्या वस्त्रांचा तिकडचा अर्थ मी जाणून होते, पण आईचा फुललेला चेहरा पाहून तो सांगायचे मी टाळले.

मुलीने मालिका थांबवली आणि ती आजीकडे पूर्ण वळून बसली.

"नाही आजी, लग्न नाही. तिचा बाप लढाईत मेला. उनके यहाँ... त्यायच्यात पांढरं दुःखात घालते."

आईचा हात तोंडाशी गेला. "मंग रडून काहून नाही राहिली?"

"रडली तं हे लोक नक्शे हिसकून घेतीन. बापाचं काम तिले पूरं करायचं हाय."

मी ऐकतच राहिले. ही बोली माझी नव्हे. शाळा-कॉलेजात ती माझ्या जिभेवरून केव्हाच पुसली गेली. 'तिले', 'त्यायच्यात' हे सारे आजीकडून थेट नातीकडे गेले होते, आणि मला त्याचा पत्ताही नव्हता.

दुसऱ्या दिवशी मुलीने ते मूळ कॉमिक फोनवर शोधून काढले. चित्र हलत नाही आणि हवे तेवढे मोठे करता येते, हे तिच्या ध्यानात आले होते.

"हे पाह आजी. तिचा चेहरा नको पाहू, हात पाह."

आईने फोन नाकाशी नेला. "ब्रश धरून हाय व! बापाचा हाय का थो?"

"हव."

मी चहा घेऊन आले आणि सवयीने काही समजावू लागले, तोच आई म्हणाली, "तू राहू दे व. पोट्टी सांगून राहिली ना."

मी कप ठेवले आणि मागच्या खुर्चीवर बसले. तिथून एका फोनवर वाकलेली दोघींची डोकी दिसत होती, एक पांढरे, एक काळे. अभिमान हा शब्द मी सहसा वापरत नाही. इथे वापरते.