अक्कांचा उंबर

रोपं घ्यायला गेलं की अक्का फुलाचा रंग कधी विचारत नसत. गांधी बाजारच्या कोपऱ्यावर बसणाऱ्या माळ्यापुढं त्या उकिडव्या बसत, पानं खालून वर करून बघत आणि विचारत, "हे केवढं उंच होतं? ह्याच्यामागं काही लपेल का?"

माळी हसून म्हणे, "काय लपवायचंय अक्का? चोरी केलीत का?"

अक्का न हसता म्हणत, "अजून नाही."

मी तेव्हा नवी लग्न होऊन कानडी शहरातल्या ह्या बसवनगुडीच्या घरात आले होते. माहेर बेळगावकडचं, शाळा चौथीपर्यंतची, आणि चार माणसांत माझ्या तोंडून शब्द निघत नसे. अक्का म्हणजे ह्यांची सगळ्यांत थोरली बहीण. लहानपणीच विधवा होऊन परत आलेल्या. परसात विहिरीशेजारी एक खोली होती, ती त्यांची. घर मात्र दोघा भावांच्या नावावर, आणि शब्द चाले तो मोठ्या दिरांचा. त्यांना सगळे अण्णा म्हणत. धाकट्या भावाच्या बायकोनं थोरल्या दिराशी बोलायचं नाही अशी त्या घरची रीत. तेव्हा मी त्यांच्यासमोर भिंतीसारखीच होते.

एकदा जेवताना अण्णा म्हणाले, "परस नुसतं पडून आहे. तिथं भाड्याच्या खोल्यांची एक ओळ काढू. बसवनगुडीत भाडेकरू रांग लावतील."

"आणि अक्काची खोली?" ह्यांनी विचारलं.

"ती पाडावी लागेल. अक्काला म्हैसूरला चुलतभावाकडे ठेवू. तिथली हवा चांगली."

अक्का तेव्हा भात वाढत होत्या. त्या चुलतभावाचं तोंडसुद्धा त्यांना नीट आठवत नव्हतं. "हवा इथलीही वाईट नाही, रामू," त्या अण्णांना म्हणाल्या. "स्वल्प सार घालू?"

दुसऱ्या दिवशी अण्णांनी परसात खुंट्या ठोकल्या. पण तेव्हा सिमेंट परवान्यावर मिळायचं, आणि त्यांचा परवाना काही केल्या येईना. अक्कांच्या हातात होता तो तेवढाच वेळ.

त्यांनी बाग करायला घेतली. "तोवर जरा शोभा राहील," त्या अण्णांना म्हणाल्या, आणि अण्णांनी मान हलवली. वाटेच्या दोन्ही कडांना तिरप्या विटांची किनार रोवली. कुंड्यांना काव लावली. सुरूच्या काठ्यांचा मांडव करून त्यावर जाईचा वेल चढवला. पुढं अबोली आणि शेवंती, त्यामागं बटणगुलाब, आणि सगळ्यांत मागं रंगीत पानांची उंच क्रोटनं. मी पाणी घालायला असे. एकदा मी विचारलं, क्रोटनं इतकी दाट कशाला?

"शोभा पुढं, जोर मागं," त्या म्हणाल्या आणि क्रोटनाची फांदी बाजूला सारली. अण्णांनी जिथं खुंटी ठोकली होती, नेमकं त्याच जागी उंबराचं वीतभर रोप होतं. जवळच्या एका मठाच्या विहिरीच्या भिंतीतून उपटून, ओल्या फडक्यात गुंडाळून त्यांनी ते आणलं होतं.

"कमळे, उंबर म्हणजे दत्ताचं ठाणं. तो मोठा झाला की ह्या गावात त्याला हात लावणारा माणूस मिळणार नाही. परवाना आधी येतो की झाड आधी मोठं होतं, एवढंच आता बघायचं."

त्यानंतर पोस्टमन आला की मी हातातली बादली खाली ठेवून दाराकडे बघत राही. अक्का मात्र शांतपणे रोपाला शेणखत घालत. अण्णांच्या साहेबांची बायको चहाला आली तेव्हा बागेचं तिनं इतकं कौतुक केलं, की अण्णांनी खूश होऊन एक दगडी बाक आणवला. कुठं ठेवू म्हणाले. अक्कांनी अशी जागा दाखवली की बसणाऱ्याची पाठ क्रोटनांकडे राहावी.

उंबर क्रोटनांच्या वर आला तेव्हा कुठं अण्णांचं लक्ष गेलं. पण एव्हाना गल्लीतल्या बायका दर गुरुवारी प्रदक्षिणा घालायला येऊ लागल्या होत्या. अण्णा ओठ आवळून म्हणाले, "तुझी बाग फार वाढली, अक्का." अक्का म्हणाल्या, "पाणी चांगलं आहे विहिरीचं."

आणि मग परवाना आला.

मेस्त्री दोरी घेऊन परसात आला. उंबर दिसताच त्यानं चपला काढल्या आणि दोरी परत गुंडाळली. "अत्तिमर, स्वामी," तो उंबराकडे बोट करून म्हणाला. "आमच्या हातून हे होणार नाही." अण्णांनी दुसरा मेस्त्री आणला, तोही तसाच गेला.

पण अण्णाही त्याच आईचे. ते शास्त्रीबुवांना विचारून आले. आम्हा सगळ्यांना परसात बोलावलं आणि बाकावर कोयता ठेवला. "घरच्या सवाष्णीनं पूजा करून झाडाची परवानगी मागायची. मग पहिला घाव मी घालतो. दोष लागत नाही." अक्का विधवा, त्यांना हे विचारायचा प्रश्नच नव्हता. अण्णांनी बायकोकडे पाहिलं. मोठ्या जाऊबाई दोन पावलं मागं सरल्या. "मला पोरंबाळं आहेत. मी नाही."

मग अण्णांनी माझ्याकडे न बघता ह्यांना सांगितलं, "तुझ्या बायकोला सांग."

हे खाली बघून म्हणाले, "कर."

कुंकवाचा करंडा माझ्या हातात होता. अक्का खोलीच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी मला खूण केली नाही, विनवलं नाही. नाही म्हणायचं तर दिरांसमोर बोलावं लागणार, आणि तेवढी माझी छाती नव्हती. पण झाडाकडे पाऊलही उचलेना. मी तशीच उभी राहिले. अण्णा खाकरले. हे पुन्हा म्हणाले, "अगं, कर ना." करंडा घामानं निसटायला लागला तशी मी तो पोटाशी धरला. उन्हं भिंतीवरून उतरली तरी मी हलले नाही.

शेवटी अक्काच बोलल्या. "बघ रामू. झाडाला विचारायला घरात कुणी नाही."

अण्णांनी कोयता उचलला आणि आत गेले. त्या खोल्या पुढं कधी झाल्या नाहीत. अण्णा कितीतरी दिवस अक्कांशी बोलले नाहीत. अक्का मात्र रोज त्यांच्या पूजेची फुलं न चुकता काढून ठेवत.

त्यांनी मला शाबासकी दिली नाही. रात्रीच्या भाकरीवर तूप जरा जास्त घातलं, इतकंच.

पुढं काही वर्षांनी त्या अंथरुणाला खिळल्या. एक दिवस म्हणाल्या, "उंबराची मुळं विहिरीकडे निघालीत. मी गेल्यावर रामूनं मागितलं, तर पूजा कर हो. मी ते देवासाठी लावलं नव्हतं. मला राहायला जागा हवी होती. जागा लागणारं माणूस गेलं, की हट्ट सोडावा."

त्या त्याच खोलीत गेल्या. तेराव्यानंतर एका सकाळी अण्णा परसात आले. मी त्यांना खिडकीतून पाहिलं आणि अक्कांच्या सांगण्याप्रमाणे करंडा घेऊन बाहेर आले. अण्णा दगडी बाकावर बसले होते, पण उलटे, उंबराकडे तोंड करून. मग माझ्या हातातल्या करंड्याकडे त्यांचं लक्ष गेलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा ते थेट माझ्याशी बोलले.

"खत ती कुठून आणायची?"

"कोपऱ्यावरच्या गोठ्यातून," मी म्हटलं. "सकाळी लवकर गेलं तर मिळतं."

"सरी, ठीक आहे," अण्णा म्हणाले, आणि टोपली शोधायला उठले.