ऑफिसच्या वेळेतली भरती

दोन वर्षं मी बोलिव्हिया होते.

आंतरराष्ट्रीय राजकारणात एम. ए. करत होते तेव्हाची गोष्ट, म्हणजे फार जुनी नाही. आमचे एक निवृत्त सर शनिवारी दुपारी चर्चेचा गट घ्यायचे. सरांच्या पत्नी दातांच्या डॉक्टर. नौपाड्यात त्यांचा दवाखाना होता आणि शनिवारी दुपारी तो बंद असायचा. तिथे बाहेरच्या खोलीत, पेशंटांच्या बाकांवर, किडलेल्या दाढेच्या तक्त्याखाली बसून आम्ही जगाचे प्रश्न सोडवायचो. ते किती सुटले हे तुम्ही पेपरात वाचताच.

सरांनी पहिल्याच दिवशी चिठ्ठ्या टाकल्या. ज्याला जो देश येईल त्यानं दोन वर्षं त्याच देशाच्या बाजूनं बोलायचं. भारत, अमेरिका, चीन, पाकिस्तान चिठ्ठ्यांत नव्हतेच. सर म्हणाले, "त्यांच्याविषयीची मतं तुम्ही घरूनच घेऊन येता. इथे स्वतःचं मत बाहेर चपलांपाशी काढून ठेवायचं, जाताना घालून जायचं." महिन्याभरात आम्ही एकमेकांची नावं घ्यायचं सोडलं. मंगोलिया दिव्याला राहायची आणि घरी पाणी आलं की उशिरा यायची. चिली डोंबिवलीचा होता. कडक इस्त्रीचा शर्ट, आवाज कधी चढायचा नाही, आणि सगळ्या करारांची कलमं तोंडपाठ. माझ्या नाकावर राग असतो. अशा शांत माणसांनी तो आणखी वाढतो.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. बोलिव्हियाला समुद्र नाही. एकेकाळी होता, पण एका युद्धात चिलीनं तो किनारा घेतला. त्याला आता शंभराहून जास्त वर्षं झाली, पण ते लोक अजून विसरलेले नाहीत. वर्षातून एक दिवस शाळेतली पोरं समुद्रासाठी मिरवणूक काढतात. त्या देशाला नौदलसुद्धा आहे, ते डोंगरातल्या एका मोठ्या सरोवरात सराव करतं. मी हे सांगितलं तेव्हा सगळा गट हसला. मीही हसले. चिठ्ठीत दुसरं काही आलं असतं तर बरं झालं असतं, असं वाटत होतं.

त्या संध्याकाळी घरी जेवताना मी हे सहज बाबाला सांगितलं. आम्ही खाडीकाठचे कोळी. बाबा जन्मभर ठाण्याच्या खाडीत मासे मारत आला. बोईट, चिंबोऱ्या, निवट्या, जे मिळेल ते. आई मासे विकते. पाणी काळं होत गेलं तशी ती घाऊक बाजारातून माल आणू लागली, पण बाबानं होडी सोडली नाही. तो मुळात कमी बोलतो. माझ्याशी तर जेवलीस का आणि लवकर ये, एवढंच. मी काय शिकते हे त्यानं कधी विचारलं नव्हतं. मला वाटलं हसेल. तो हसला नाही. हातातला घास तसाच ठेवून त्यानं विचारलं, "मंग त्यांच्या होऱ्या कुठं हायत?"

त्यांच्या होड्या कुठे गेल्या, मला माहीत नव्हतं. कुठल्याच पुस्तकात ते नव्हतं.

पुढच्या शनिवारी मी घरात पाय ठेवते तोच तो म्हणाला, "काय गो बाय, मिलाला का दर्या तुज्या लोकांना?"

तेव्हापासून दर शनिवारी तोच प्रश्न. मग मी कोण काय बोललं ते सांगायचे आणि तो चिलीला शिव्या घालायचा. एकदा मी त्याला खरं काय ते सांगून टाकलं. बोलिव्हिया जागतिक कोर्टात गेला होता आणि हरला. चिलीनं बोलणी केलीच पाहिजेत असं बंधन नाही, असं कोर्टानं सांगितलं. बाबा म्हणाला, "मंग परत जावाचा कोर्टात." तसं करता येत नाही, असं मी समजावून पाहिलं. त्याला पटलं नाही.

खरं सांगायचं तर मी बोलिव्हियाचा अभ्यास त्याच्यासाठीच करू लागले. गुणांसाठी एवढं कोण वाचतं? आठवड्यातून एकदा माझा बाप माझ्याशी अर्धा तास बोलतो, याचं मला इतकं अप्रूप होतं की दर शनिवारी त्याला सांगायला काहीतरी नवं हवं म्हणून मी जुने नकाशे धुंडाळायचे.

आणि एक गोष्ट होती. मी त्याच्या होडीत कधी बसले नव्हते. लहानपणी चुलतभाऊ जायचे त्याच्याबरोबर, आणि मी आईशेजारी टोपली धरून धक्क्यावर उभी असायचे. एकदा मलाही ने म्हणून हट्ट केला, तर पोरींचं काम नाही म्हणाला. मी रागावले आणि पुन्हा विचारलं नाही. माझं हे असंच असतं. पण ते मनातून गेलं नाही. शनिवारच्या त्या गप्पांमध्ये मला सारखं वाटायचं, आता म्हणेल, चल. आता म्हणेल.

दुसऱ्या वर्षी खाडीलगतच्या नव्या रस्त्याचं काम सुरू झालं आणि किनाऱ्याला लोखंडी जाळीचं कुंपण आलं. पावसाळ्यासाठी वर ओढून ठेवलेल्या होड्या पलीकडे, माणसं अलीकडे. कोळीवाड्यातल्या लोकांनी दार मागितलं. अर्ज मीच लिहून दिला. सवयीनं त्यात बोलिव्हियाची भाषा आली, 'पाण्यापर्यंत निर्वेध आणि कायमचा मार्ग' वगैरे. ते वाचून शेजारचे एक काका म्हणाले, "दार पाहिजे एवढं लिव ना."

आणि दार मिळालं. हिरवा रंग, कुलूप, निळ्या कपड्यांतला वॉचमन आणि पाटी: वेळ सकाळी दहा ते संध्याकाळी पाच, रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी बंद.

लोक आधी हसले. भरतीला कोणी घड्याळ दिलंय? होडी चिखलातून सुटते ती भरतीच्या पाण्यावर आणि परत काठाला लागते तीही पुढच्याच भरतीला. दोन भरत्यांमध्ये अर्धा दिवस जातो. जायची भरती ऑफिसच्या वेळेत मिळाली तर यायची मिळत नाही. जो गेला तो रात्री मासळी घेऊन कुलपापलीकडे. बाबानं एकदा करून पाहिलं. वॉचमनला फोन लावला, तर तो कल्याणला घरी जेवत होता. मासळी पार उतरून गेली. त्यानंतर बाबा गेला नाही. रोज पहाटे मात्र जाळीला हात लावून उभा राहायचा. मी कॉलेजला निघायचे तेव्हा तिथेच असायचा.

त्याच आठवड्यात दवाखान्यात चिलीनं त्याचा नेहमीचा मुद्दा मांडला. चिलीच्या बंदरांतून बोलिव्हियाचा माल करारानुसार मोफत जातो-येतो. "अगं, रस्ता दिलाय ना आम्ही? ट्रक चालू आहेत, बंदर चालू आहे. अजून काय पाहिजे तुम्हाला?"

याचं ठरलेलं उत्तर माझ्याकडे होतं, सार्वभौमत्वाचं. ते मी कैक वेळा दिलं होतं. त्या दिवशी मी म्हणाले, "किल्ली कोणाकडे आहे?" आणि मग थांबताच येईना. हिरवं दार, पाटी, कल्याणला जेवणारा वॉचमन, सगळं बोलून गेले. माझा आवाज इतका चढला की वरच्या मजल्यावरच्या घरातून सरांच्या पत्नी खाली डोकावल्या. सर म्हणाले, "हे तुमचं मत झालं. तुम्ही आत्ता बोलिव्हिया आहात."

"बोलिव्हियाच बोलतेय," मी म्हणाले.

सर चष्मा पुसत राहिले. त्यांनी ते नोंदवून घेतलं की नाही, मला माहीत नाही. बैठक संपल्यावर चिली माझ्या मागोमाग जिना उतरला आणि म्हणाला, "मला दाखव ना ते दार." आम्ही चालतच गेलो. पाच वाजून गेले होते. बाबा जाळीशी उभा होता.

"हा कोन?"

"चिली," मी म्हणाले.

बाबानं त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. घरी नेऊन त्यानं त्याला चहा दिला, पण बस म्हणाला नाही. बिचारा कपबशी हातात धरून उंबऱ्याशी उभा. "काका, मला फक्त चिठ्ठीत आलेला आहे हा देश."

"मंग सोड की जरा दर्या."

"माझ्या हातात नाही ना ते, काका."

"आमचा वॉचमन पन ह्योच बोलतो," बाबा म्हणाला आणि मग मात्र त्याला बसायला खुर्ची दिली. चिलीला त्या दिवशी आईनं तळलेला बोंबीलही मिळाला. तसा मुलगा चांगला होता. त्या दवाखान्याची, त्या बाकांची, त्याच्या त्या चीड आणणाऱ्या शांतपणाची मला आता फार आठवण येते. चिली बँकेत लागला, मंगोलिया अंबरनाथला शिकवते. आता आम्ही सगळे आपापल्या नावांनी ओळखले जातो आणि क्वचितच बोलतो.

एम. ए. झालं आणि मला दिल्लीतल्या एका संस्थेत संशोधनाचं काम मिळालं. सोमवारची गाडी होती. त्याआधीच्या शनिवारी सकाळी मी आईला सामान बांधायला मदत करत होते, म्हणजे ती बांधत होती आणि मी चिडत होते. बाबा दारात बसला होता. त्या दिवशी भरती तीनच्या सुमाराला होती, मी पाहून ठेवलं होतं. मी त्याच्यापुढे जाऊन उभी राहिले आणि घरच्या बोलीत विचारलं, "बाबा, मना एकदा होरीत नेशील?"

पोरींचं काम नाही, हे मी ऐकून घ्यायच्या तयारीनं गेले होते. तो लगेच उठला. "चल की. आदी कदी बोलली का नाय?"

मी बोलले होते. त्याला ते आठवतही नव्हतं. मी एकटीनंच ते इतकी वर्षं सांभाळलं होतं, आणि तो बहुधा समजत होता की शिकलेल्या पोरीला होडीचं काय पडलंय.

दुपारी वॉचमननं दार उघडलं आणि होडी लोटायलाही हात लावला. पाणी येऊन तळाला लागलं. बाबानं मला कुठे बसायचं ते दाखवलं, मध्ये, आडव्या फळीवर, दोन्ही हात बाजूला धरून. मी बसले. तो मागून चढला, बांबूनं रेटा दिला आणि आम्ही काठापासून सुटलो. फार नाही, दोन-तीन माणसं हात पसरून उभी राहतील इतकंच. मग माझे पाय भिजले.

होडी महिनोन् महिने कोरड्यात पडून होती. उन्हानं फळ्या आकसल्या होत्या आणि सगळ्या सांध्यांमधून पाणी आत येत होतं. बाबानं डबा घेऊन उपसायला सुरुवात केली. मीही ओंजळीनं उपसू लागले, तेव्हा तो थांबला. "ऱ्हाव दे. सुकलीय ती. दोन दिस पान्यात बुरवून ठेवली का फुगंल लाकूर, मंग नाय गलाची."

त्यानं होडी काठाच्या उथळ पाण्यात आणून खुंटाला बांधली आणि तिच्यात पाणी भरू दिलं. आम्ही दोघंही तसेच बसून राहिलो, पाणी पोटऱ्यांपर्यंत येईतो. पलीकडून आपला कोळीवाडा कसा दिसतो, कुठलं घर आधी दिसतं, कुठल्या झाडाच्या अंदाजानं आत वळायचं, हे तो बोटानं दाखवत होता. तिथून त्यातलं काहीच दिसत नव्हतं. त्यासाठी मध्ये खाडीत जावं लागलं असतं. मी मान हलवत राहिले. पाच वाजता वॉचमननं शिट्टी मारली.

दुसऱ्या दिवशी रविवार, दार बंद. सोमवारी मी गेले.

गेल्या आठवड्यात त्याचा फोन आला. तो स्वतःहून फोन करत नाही, आई करते आणि त्याच्या हातात देते. या वेळी त्यानंच केला होता. "फुगली. एक थेंब येत नाय आत. कवा येतंस?"

माझा जीव नुसता तिकडे धावला. दिल्लीत माझ्या टेबलावर सगळ्या जगाचे समुद्र आहेत. कोणती सामुद्रधुनी बंद झाली तर कोणाचं काय अडेल, याच्या टिपणांवर माझा पगार चालतो. आणि मला हवं होतं ते एवढंच, ठाण्याच्या त्या काळ्या खाडीच्या मध्यावरून आमचं घर बघायचं, होडीत बाबाच्या मागे नाही, त्याच्यासमोर बसून. मी म्हणाले, "दिवाळीला येते."

तो बोटांवर मोजत असावा. "लक्षुमीपूजनाला आवस. आवसेला भरती भर दुपारची. झकास टाइम हाय." मागे आई कोणाला तरी भाव सांगत होती.

"पन दिवालीला गेट बंद," तो म्हणाला. "मंग दिवालीला येव नको, बाय. गेट उघरा असंल तवा ये."

मी बरं म्हणाले. माझी सुट्टी फक्त दिवाळीचीच आहे, हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही.