मान्यतेचं पत्र

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कुणाचे असतील, तर आमच्या तालुक्याच्या शाळेत भूगोल शिकवणाऱ्या सरांचे. आमच्या घरात कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. सरांनी माझा प्रवेशअर्ज स्वतः भरला आणि वरळीच्या चाळीत आपल्या भाच्याकडे माझी राहायची सोय केली.

एम.ए. झालो, प्राध्यापकीसाठीची सेट परीक्षा पास झालो आणि दादरच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर भूगोल शिकवू लागलो. दर जूनला नवी नेमणूक, परीक्षा आल्या की घरी. प्राचार्यांनी बोलावून तास दिले, यातच मी भरून पावलो होतो. वर आणखी काही मागणं मला उद्धटपणाचं वाटायचं. तिकडे सरांनी गावात मला प्रोफेसर करून टाकलं होतं. फोनवर आधी हेच विचारायचे, "अरे, कायम कधी होतोयस?"

आठ वर्षांनी विद्यापीठाची जाहिरात आली. सहायक प्राध्यापक, भूगोल, जागा एक. अर्ज ऑनलाइन भरायचा आणि वर छापील प्रतींचे सहा संच पाठवायचे, पानापानावर सही करून. परळचा झेरॉक्सवाला ओळखीचा.

"काय सर, सहा-सहा सेट? आता पेढे घेतल्याशिवाय सोडणार नाय हां!"

मुलाखतीला कुणाला बोलवायचं ते गुणांवर ठरतं. पदवी, सेट, शोधनिबंध, अनुभव. यादी लागली तेव्हा माझ्या नावापुढे अनुभवाच्या रकान्यात शून्य होतं. मुलाखतीच्या यादीत मी नव्हतो.

विद्यापीठात चौकशीला गेलो. खिडकीतल्या बाईंनी माझा संच काढून चाळला. "अनुभवाचा दाखला आहे हो. पण नेमणुकीला विद्यापीठाची मान्यता कुठंय? कॉलेज दर वर्षी प्रस्ताव पाठवतं, मग आम्ही पत्र देतो. त्याशिवाय वर्ष धरता येत नाही."

तिथून कॉलेजात हेडक्लार्ककडे गेलो. आठ वर्षं त्यांच्याच टेबलावरच्या मस्टरवर सही करत होतो.

"प्रस्ताव? तुमचा नाही गेला," ते म्हणाले. "तुमच्याबरोबरच्या त्या मॅडम जून लागला की माझ्या डोक्यावर बसायच्या. त्यांचा गेला. तुम्ही कधी मागितलंतच नाही, सर."

"मला वाटलं, तुम्ही पाठवत असाल."

"आता मागच्या वर्षांचा थोडीच पाठवता येतो? बसा, चहा सांगतो."

मी चहा घेतला. आभारसुद्धा मानले. जिना उतरताना स्वतःचाच इतका कंटाळा आला, की दुपारचा वर्ग कसा घेतला ते आठवत नाही. सरांचा फोन दोनदा वाजला, मी उचलला नाही. तोंडाने सांगवेना. शेवटी चार दिवसांनी पत्र लिहिलं:

'आदरणीय सर,

सादर नमस्कार. फोन उचलला नाही, क्षमा असावी. जागा मिळाली नाही. मुलाखतीलाही बोलावणं नव्हतं. दर वर्षी कॉलेजातून विद्यापीठाची मान्यता मागून घ्यायची असते, ती मी आठ वर्षं मागितली नाही. त्यामुळे ती वर्षं मोजली गेली नाहीत. चूक माझी आहे. कुणी विचारलं तर मी तासांवर शिकवतो, असं सांगावं. प्रोफेसर म्हणू नये, मला अवघड होतं. या वर्षीच्या मान्यतेसाठी काल लेखी अर्ज दिला आणि त्याची पोच मागून घेतली. हेडक्लार्क जरा चिडले. पुढची जाहिरात कधी निघेल, कुणालाच ठाऊक नाही. तुमचा गुडघा कसा आहे? काकूंना नमस्कार.

आपला विद्यार्थी'