दीड तासाची वाट

अक्काला जाऊन आज पाच आठवडे झाले. त्या सकाळी हैदराबादला मला तिच्या मुलीचा, संगीताचा, जळगावहून फोन आला. "मामा, आईला दवाखान्यात आणलंय. झटका मोठा आहे. डॉक्टर म्हणताहेत, बोलवायचं त्यांना बोलवून घ्या." दुपारच्या विमानाचं तिकीट मिळालं. हवेतून पाचशे किलोमीटर, जेमतेम दीड तास. "तिला सांग, निघालोच," मी म्हटलं.

आई गेली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो आणि थोरली अक्का सोळाची. चाळीसगावजवळच्या आमच्या खेड्यातून मला धुळ्याला परीक्षेला तीच घेऊन गेली होती. दोन एसट्या बदलून तीन तास. मला जागा मिळवून दिली आणि स्वतः उभी राहिली. मी पेपर लिहीत होतो तोवर फाटकाबाहेर लिंबाखाली बसून होती. बाहेर आलो तर पेपर कसा गेला ते विचारलंच नाही. म्हणाली, "भूक लागनी ना?"

पुढे ती लग्न होऊन जळगावला गेली, मी नोकरीसाठी हैदराबादला. विमान सुरू झालं तेव्हा तिनं शेजारीपाजारी सगळ्यांना सांगितलं, आता माझा भाऊ दीड तासात येईल. रेल्वेनं रात्रभर हाल काढायचो तेव्हा वर्षातून दोनदा तरी जायचो. विमान आलं आणि जाणंच थांबलं... कधीही जाता येतं, मग आजच कशाला? शेवटची तीन वर्षं एकदाही गेलो नाही. ती रागावली नाही. एकदाच फोनवर म्हणाली, "दीड तासनी ते वाट शे, भाऊ. मंग तू येस का नही?" मी मीटिंगचं कारण सांगितलं.

विमान वेळेवर सुटलं. जळगावच्या वर आलो आणि सांगण्यात आलं, ढग खाली उतरलेत, धावपट्टी दिसत नाही. विमान घिरट्या घालू लागलं. मी खिडकीला कपाळ टेकवून बसलो. खाली नुसता पांढरा ढग, आणि त्याच्याखाली कुठेतरी अक्का. विमान मागे वळतंय म्हणाले तेव्हा मी उठून उभा राहिलो. "ताई, माझी बहीण खाली आहे हो. अजून एक फेरी मारायला सांगा ना..." त्या हवाईसुंदरीनं मला हाताला धरून बसवलं. तिचेही डोळे भरले होते.

हैदराबादला परत उतरून फोन लावला. संगीतानं उचलला. "मामा, गेली. सारखं विचारत होती, भाऊ उतरला का? शेवटी मी हो म्हटलं. म्हटलं, रिक्षात बसलाय." गाडी करून दुसऱ्या सकाळी पोचलो. सगळे माझ्यासाठी थांबले होते. तिच्या पायांवर डोकं ठेवलं... गार होते पाय. पुढचं नीट आठवत नाही.

तेराव्यानंतर निघताना संगीतानं एक डबा हातात दिला. बिबडे होते. अक्कानं उन्हाळ्यात माझ्यासाठी करून ठेवलेले. हे ज्वारीचे पापड ती ओल्या फडक्यावर हातानं थापायची. प्रत्येकावर तिच्या बोटांचे ठसे तसेच वाळलेत. बायको म्हणते, या हवेत मऊ पडतील, तळून टाकू. मला तळवत नाहीत. रोज एक बिबडा काढतो, त्या ठशांवर माझी बोटं ठेवून बघतो. तिची बोटं माझ्याहून कितीतरी लहान होती... मला ठाऊकच नव्हतं.